पेनड्राइव्ह घ्यावा कसा, वापरावा कसा

आमचे डोंगरकडा गाव नांदेड–हिंगोली रस्त्यावर आहे. तालुका कळमनुरी. केळीचे गाव म्हणून लोक त्याला ओळखतात. रस्त्याला ट्रॅक्टरची ये-जा असते आणि ट्रॅक्टर आला की आधी गाणे ऐकू येते, मग ट्रॅक्टर दिसतो. कुठे भीमगीत, कुठे अभंग, कुठे सिनेमाचे गाणे. हे गाणे येते कुठून? टेपाच्या तोंडात बोटाएवढी एक कांडी खोचलेली असते, तिच्यातून. या कांडीला पेनड्राइव्ह म्हणतात.

हा पेनड्राइव्ह आता घरोघरी आला आहे. लग्न झाले की फोटोवाला त्यात सगळे लग्न भरून देतो. पोरगं भरतीचा फॉर्म भरायला जातं, तेव्हा दाखल्यांच्या नकला त्यातच नेतं. भजनी मंडळाकडे तो असतो, शाळेत असतो. वस्तू लहान, पण आतला ऐवज मोठा. असे असून तो घेताना आपण फार तर रंग पाहतो आणि भाव करतो. बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. इथे मात्र काहीच पाहत नाही. काय पाहावे ते आम्ही इथे सांगणार आहोत.

आधी त्याच्या पोटात काय असते ते समजून घेऊ. पेनड्राइव्ह फोडला तर आत एक लहानशी पट्टी दिसते. पट्टीवर एक-दोन काळ्या वड्या बसवलेल्या असतात. त्यांतल्या एका वडीत अतिशय बारीक कप्पे असतात. ते डोळ्यांनी दिसणार नाहीत आणि मोजून संपणार नाहीत. त्यांची संख्या अब्जांत असते. प्रत्येक कप्प्यात विजेचा अगदी लहान अंश कोंडून ठेवता येतो. कप्प्याला भिंत असते, म्हणून वीज आतच राहते. पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला तरी ती राहते. कोणत्या कप्प्यात किती वीज आहे, यावरून यंत्र अक्षर ओळखते, चित्र ओळखते, आवाज ओळखते. जपानातील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी 1984 साली ही युक्ती जगापुढे मांडली.

आता ही भिंत नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. घरातले बळद आपण दरवर्षी भरतो आणि रिकामे करतो. भरता-उपसता आतले लिंपण झिजते. कप्प्याच्या भिंतीचेही तसेच आहे. काही नवे भरले किंवा पुसले, की वीज त्या भिंतीतून आरपार जाते आणि भिंत थोडी झिजते. नुसते गाणे ऐकले किंवा फोटो पाहिला, तर एवढी झीज होत नाही. शेकडो वेळा, हजार वेळा भरा-पुसा केली तरी चांगला माल टिकतो. पण केव्हा तरी तो दमतोच. दुसरी गोष्ट, भिंतीतून वीज हळूहळू झिरपत असते. उन्हात आणि उष्णतेत ती लवकर झिरपते. म्हणून कपाटात नुसता पडून असलेला पेनड्राइव्हसुद्धा जन्मभर सांभाळेल असे समजू नये.

पेनड्राइव्हचे जे चपटे लोखंडी तोंड असते, त्याला यूएसबी म्हणतात. पूर्वी संगणकाला दहा वस्तू जोडायच्या तर दहा तऱ्हेच्या खुंट्या लागत. सर्वांना एकच खुंटी असावी, या विचारातून 1996 साली यूएसबी निघाली. ती घडविणाऱ्यांत अजय भट यांचे नाव पुढे आहे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पुढे अमेरिकेत इंटेल कंपनीत गेले. हे चपटे तोंड एकाच बाजूने आत जाते. जात नसेल तर जोर लावू नये, कांडी उलटी करून पाहावी. पुष्कळ पेनड्राइव्ह आणि त्याहून अधिक टेप या जोर लावण्यापायीच बिघडतात.

आता माप. पायली-शेर गेले, किलो-लिटर आले. तसे या वस्तूचे माप एमबी आणि जीबी आहे. हजार एमबी म्हणजे एक जीबी. एक गाणे साधारण पाच एमबी घेते. मोबाइलवर काढलेला फोटो तीन ते पाच एमबी घेतो. दोन तासांचे कीर्तन नुसते आवाजाचे असेल, तर सव्वाशे एमबीत सहज बसते. जागा खाते ते हलते चित्र. मोबाइलवर काढलेली एका मिनिटाची स्वच्छ फिल्म साठ एमबीपासून दीडशे एमबीपर्यंत जाते. मग हळदीपासून पाठवणीपर्यंतचे लग्न किती होईल, तो हिशेब तुम्हीच करा. 2000 साली पेनड्राइव्ह बाजारात आले, तेव्हा त्यात 8 एमबी मावत. आज 64 जीबीचा पेनड्राइव्ह कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. म्हणजे त्या पहिल्यासारखे आठ हजार झाले.

गाण्यांपुरता पाहिजे असेल तर 16 किंवा 32 जीबी पुष्कळ. बारीक काम असताना मोठी पेटी कशाला? लग्न किंवा घरचे सारे फोटो ठेवायचे असतील, तर 64 किंवा 128 जीबीचा घ्यावा. 64 जीबीचा घेतला आणि संगणकावर 59 दिसले, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, संगणक एक हजार चोवीसच्या पटीने मोजतो. आंब्याचा शेकडा कुठे शंभराचा, तर कुठे जास्तीचा असतो, तसा हा प्रकार आहे. यात फसवणूक नाही.

फसवणूक दुसरीकडे आहे. जत्रेत, बसस्टँडवर आणि मोबाइलवर माल विकणाऱ्यांकडेही असे पेनड्राइव्ह मिळतात, की ज्यांच्यावर '2 टीबी' छापलेले असते आणि किंमत दोन-चारशे रुपये. एक टीबी म्हणजे हजार जीबी. खरा दोन टीबीचा पेनड्राइव्ह जगात आहे. किंग्स्टन कंपनीने तो 2017 साली काढला. पण त्याची किंमत हजारोंत जाते. मग दोन-चारशे रुपयांत काय मिळते? आत वडी लहानच असते, आठ किंवा सोळा जीबीची. पेनड्राइव्हमध्ये हिशेब ठेवणारा एक कारकून असतो, म्हणजे दुसरी लहान वडी असते. तिला खोटे बोलायला शिकवलेले असते. संगणकाने विचारले, "जागा किती?" की ती सांगते, "दोन हजार जीबी." पायलीच्या बुडाशी लाकडी चकती ठोकून माप देणारा व्यापारी जुन्या लोकांनी पाहिला असेल. हा त्याचाच भाऊबंद.

यातली वाईट गोष्ट ही, की चोरी लगेच कळत नाही. पहिले काही फोटो नीट बसतात. जागा संपली की कारकून नवे घेतल्याचे सांगतो, पण ठेवत नाही. किंवा जुन्यावरच नवे लिहितो. फोटोंची नावे सगळी दिसतात. उघडायला जावे तर काही नाही. आणि हे कळते केव्हा, तर मोबाइलमधले मूळ फोटो पुसून झाल्यावर.

म्हणून नवा पेनड्राइव्ह आणला की आधी त्याची परीक्षा घ्यावी. सेवा केंद्रातल्या किंवा शाळेतल्या संगणकावर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाची फुकट मिळणारी परीक्षा लावता येते. ती पेनड्राइव्ह गच्च भरते आणि भरलेले पुन्हा वाचून ताडून पाहते. 64 जीबीला दोन तास लागतात, कधी अधिकही लागतात. पण पोराला सांगून लावून ठेवावी. ते जमले नाही तर साधा उपाय आहे. ज्यांची नक्कल दुसरीकडे आहे अशा फिल्मांनी तो काठोकाठ भरावा. बाहेर काढावा, पुन्हा घालावा. मग अगदी पहिली, मधली आणि अगदी शेवटची फिल्म उघडून पाहावी. तिन्ही चालल्या तर माप बहुतेक खरे. नाही चालल्या तर त्याच दिवशी परत न्यावा. त्यासाठी पक्की पावती पाहिजे. नावाजलेल्या कंपन्या काही वर्षांची हमी देतात, पण पावती नसेल तर ती हमी कागदावरच राहते. पाकिटावर कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदललेले आहे का, तेही पाहावे. आपल्याला आता वाचता येते, त्याचा असा उपयोग करावा.

टिकाऊपणाचे बोलू. अंग धातूचे आणि एकसंध असेल तर चांगले. आत-बाहेर सरकणारे तोंड दिसायला छान, पण त्याची खाच लवकर ढिली होते, आणि शेतातली धूळ आत शिरते. टोपण असलेला बरा, मात्र टोपण चार दिवसांत हरवते. आम्हाला विचाराल तर फिरत्या लोखंडी पट्टीपेक्षा साधा, जाड, दोरी ओवायला भोक असलेला पेनड्राइव्ह आम्ही पसंत करू. ट्रॅक्टरसाठी मात्र अगदी आखूड, नखाएवढा घ्यावा. लांब कांडी टेपातून बाहेर राहते, चढता-उतरता गुडघा लागतो, आणि मग कांडी तरी मोडते किंवा टेपाचे तोंड तरी. मोबाइललाही लावायचा असेल तर दोन तोंडांचा मिळतो: एक चपटे तोंड संगणकाला, दुसरे गोलसर तोंड, ज्याला टाइप-सी म्हणतात, ते मोबाइलला. त्याने मोबाइलमधले फोटो सरळ पेनड्राइव्हमध्ये घेता येतात, मधे कोणाचे दुकान लागत नाही. चपट्या तोंडाच्या आत निळी जीभ दिसली तर बहुधा तो जलद जातीचा असतो. मोठी फिल्म भरणाऱ्याला त्याचा उपयोग. गाण्याला त्याची गरज नाही.

ट्रॅक्टरवाल्यांची एक तक्रार नेहमीची आहे. "मोठा पेनड्राइव्ह आणला, संगणकावर चालतो, टेपावर चालत नाही." यात पेनड्राइव्हचा दोष नसतो. आतल्या कप्प्यांची मांडणी करायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत 'फॅट-32', नवी रीत 'एक्स-फॅट'. पुष्कळ टेपांना आणि जुन्या टीव्हींना जुनीच रीत वाचता येते. 32 जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह साधारण जुन्या रीतीचे येतात, त्याहून मोठे नव्या रीतीचे. टेपासाठी 32 पर्यंतच घ्या म्हटले, ते याच्यासाठी. उलट, जुन्या रीतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फिल्म ठेवता येत नाही. पेनड्राइव्ह रिकामा आणि यंत्र म्हणते बसत नाही! अशा वेळी फोटोवाल्याला नवी रीत करून द्यायला सांगावे, किंवा फिल्मचे तुकडे करून मागावे.

वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या. काही भरणे चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढू नये. पडद्यावर भरणे संपले असे दिसले, तरी थोडे थांबावे, आणि संगणकाला 'काढतो' असे सांगून मग काढावा. कारकुनाची वही अर्धी लिहिलेली असताना ओढली, तर सगळाच हिशेब बिघडतो. लाइट जाते तेव्हाही हेच होते. म्हणून लाइटीचा भरवसा नसेल, तेव्हा महत्त्वाचे काम लॅपटॉपवर करून घ्यावे. वैशाखात बंद गाडीच्या काचेखाली तो ठेवू नये. खिशात राहून धुण्यात गेला तर घाबरू नये आणि लगेच लावूनही पाहू नये. सावलीत दोन दिवस कोरडा होऊ द्यावा. पुष्कळदा तो वाचतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पेनड्राइव्ह लावल्यावर कधी कधी संगणक विचारतो, "फॉरमॅट करू का?" याचा अर्थ, सगळे पुसून नव्याने मांडू का? आत आपला ऐवज असेल तर उत्तर एकच: नाही.

गावातल्या एका घरची गोष्ट आहे. मुलाचे लग्न झाले आणि वर्षाच्या आत मुलाचे वडील गेले. त्यांचे चालणे, बोलणे, पाहुण्यांना हाताला धरून पंगतीला बसवणे, हे सगळे लग्नाच्या फिल्ममध्ये होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पेनड्राइव्ह लावला, तर उघडेना. मुलाने तो एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "काही नाही, फॉरमॅट मारतो, नव्यासारखा होईल." खरेच नव्यासारखा झाला. वर दुकानदाराने आपल्या मनाने दोन-चारशे गाणी भरून दिली. फॉरमॅट मारून तिथेच थांबले असते, तरी जाणकाराने पुष्कळसे परत काढले असते. कारण त्याने बहुधा वहीची पाने कोरी होतात, कप्पे लगेच रिकामे होत नाहीत. पण त्यावर गाणी भरली आणि कप्प्यांत दुसरे जाऊन बसले. फोटोवाल्याने आपली नक्कल केव्हाच पुसली होती. त्या माउलीने विचारले, "मग ते आता कुठं गेले?" याला उत्तर काय देणार? तेव्हा चुकून काही पुसले गेले किंवा उघडेनासे झाले, तर त्या पेनड्राइव्हमध्ये काहीही नवे भरू नका. काढून बाजूला ठेवा. नांदेडसारख्या शहरात बिघडलेल्यातून माल काढून देणारा कोणी आहे का, चौकशी करा. सगळे मिळेलच असे नाही, पण निदान संधी राहते.

यावरून पुढची गोष्ट ओघाने येते. पेनड्राइव्ह ही न्यायची-आणायची थैली आहे. एकुलती एक नक्कल तिच्यात ठेवू नये. घरात काय काय आहे ते पाहावे आणि पुन्हा मिळणारे कोणते, न मिळणारे कोणते, ते वेगळे करावे. सातबारा हरवला तर चिंता नाही. सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून 2018 सालापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, आज काढा नाही तर उद्या काढा. गाणी पुन्हा भरता येतात. पण आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे मोडीतले, उर्दूतले कागद काही घरांत अजून आहेत. 2023 साली शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेतल्या पिवळ्या कागदाची किंमत पुष्कळांना कळली. अशा कागदाचे फोटो काढून ठेवावे, पण फोटो निघाला म्हणून कागद टाकू नये.

तसाच आवाज. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्या सोबत्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1996 साली माजलगावच्या बायांचा आवाजही टेपवर घेतला गेला. त्या ओव्या 2017 सालापासून 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. एका फितीवर त्या राहिल्या असत्या, तर फितीबरोबर गेल्या असत्या. एकाची दुसरी, दुसरीची तिसरी नक्कल झाली म्हणून आपल्यापर्यंत आल्या. आपल्या घरातली आजी अजून ओवी म्हणत असेल, तर मोबाइलवर घ्या. मग दोन पेनड्राइव्हमध्ये भरा. एक आपल्या घरी ठेवा, दुसरा लेकीच्या सासरी. एकाच ट्रंकेत दोन्ही ठेवले तर आग आणि चोर दोघांनाही एकदमच सापडतात. दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नयेत, हेही बरे. एक खोटा निघाला तर दुसराही बहुधा त्याच घाण्यातला असतो.

परक्या पेनड्राइव्हविषयी सांगायचे राहिले. रोगी जनावराच्या दावणीला आपले जनावर बांधत नाही. दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात त्या संगणकातून रोग येतो, त्याला व्हायरस म्हणतात. 2010 साली 'स्टक्सनेट' नावाचा असा रोग उघडकीस आला. तो इराणातल्या नतांझच्या अणुकारखान्यात शिरला होता. तिथली यंत्रे बाहेरच्या जगाशी जोडलेली नव्हती. रोग आत गेला तो पेनड्राइव्हवरून, असे जाणकार मानतात. एवढ्या पहाऱ्यातून गेला, मग आपल्या झेरॉक्सच्या दुकानाची काय कथा! म्हणून रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावून पाहू नये. झेरॉक्सच्या दुकानी नेण्यासाठी एक लहान, वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा. त्यात त्या दिवशी लागेल तेवढाच कागद न्यावा. घरचे फोटो आणि बँकेचे पासबुक एकाच पेनड्राइव्हमध्ये घालून गावभर फिरवू नये. दुकानदाराने आधार कार्ड आपल्या संगणकावर उतरवून घेतले असेल, तर छापून झाल्यावर तिथून पुसायला लावावे. संगणकात कचऱ्याची टोपली असते. तीही रिकामी करायला सांगावे. यात संकोच कसला? कागद आपला आहे.

पेनड्राइव्हवर रंगीत चिकटपट्टी लावून आत काय आहे आणि कोणत्या साली घेतला, ते दोन शब्दांत लिहावे. दरवर्षी दिवाळीला घर आवरताना तो एकदा लावून पाहावा. पाच-सहा वर्षे झाली असतील आणि आत जपायचे असेल, तर नव्या पेनड्राइव्हमध्ये नक्कल करावी. नक्कल उघडून पाहावी आणि मगच जुना मोकळा करावा. जुना पेनड्राइव्ह ट्रॅक्टरवाल्या पुतण्याला गाण्यांसाठी द्यायला हरकत नाही. मात्र देण्याआधी फॉरमॅट मारून तो कीर्तनांनी आणि गाण्यांनी एकदा काठोकाठ भरून घ्यावा. नुसते फॉरमॅट मारून दिला, तर आपले जुने कागद त्यातून कोणीही बाहेर काढील.